आण्णांची दोरी : मैदानाच्या कामाच्या नोंदी

रविवार, २ नोव्हेंबर २०२५

दिवाळीत सगळे घरी होते तेव्हाच विषय निघाला होता, आज नक्की झालं. आण्णांचं वर्षश्राद्ध फेब्रुवारीत येतंय. विधी तिथीप्रमाणे घरातल्या घरात होतील. पण गावासाठी काय करायचं? दादा म्हणाला, फ्लेक्स आणि गावजेवण. बाबांच्या मनात व्याख्यान होतं. आजी शेंगा फोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांनी कधी भाषण पुरं ऐकलंय का? मैदान करा. पाक मोडून गेलंय ते." मग कुणी दुसरं काही सुचवलं नाही.

तर काम असं : देवळापुढचं खो-खोचं मैदान नीट करायचं आणि ८ फेब्रुवारीच्या रविवारी त्यावर पोरापोरींचे सामने घ्यायचे. मोजणी आणि आखणी माझ्याकडे. सांगलीत विश्रामबागला आर्किटेक्टच्या ऑफिसात मी ड्राफ्टिंग करते, दर शनिवारी पलूसच्या बसने गावी येते. काय केलं, काय चुकलं, ते इथं लिहून ठेवणार आहे. आण्णांच्या सगळ्या वह्या २०१९ च्या पुरात गेल्या. या तरी राहाव्यात.

आण्णा म्हणजे माझे आजोबा. शिंपी. चौकातल्या दुकानात पायमशीन, समोर बाकडं. दुपारी चार वाजले की मशीनवर धोतराचं फडकं टाकायचे आणि मैदानावर जायचे. पन्नासेक वर्षं. कुठल्या मंडळाचे पदाधिकारी नाहीत, कुठला पुरस्कार नाही. सत्त्याऐंशीव्या वर्षी गेले तेव्हा घाटावर मावेना इतकी माणसं होती, आणि त्यातल्या निम्म्या लोकांना आम्ही घरचे ओळखत नव्हतो.

शनिवार, ८ नोव्हेंबर

माळा उपसला. पत्र्याची ट्रंक निघाली. वर कातरणांचं गाठोडं, खाली शिट्टी, दोन जुने बनियन (पाठीवर शिवलेले आकडे, ४ आणि ७) आणि तळाशी दोरी.

दोरी सगळ्यांना आठवतेच. सुट्टीत यायचो तेव्हा आण्णा ती खांद्यावर घेऊन निघायचे आणि आम्ही पोरं टोक धरायला भांडायचो. पण मी ती आज पहिल्यांदाच नीट बघितली. सुती, करंगळीएवढी जाड, पिवळट पडलेली. तिला ठिकठिकाणी कापडाच्या चिंध्या आहेत, आणि त्या बांधलेल्या नाहीत, शिवलेल्या आहेत. दोरीच्या पिळात सुई घालून आरपार टाका, वरून काजाला घालतात तसा बारीक वेढा. एकही चिंधी हलत नाही. काही लाल, काही हिरव्या. लाल मला माहीत होत्या. पाठलाग करणारे ज्यांत बसतात त्या चौकोनांच्या. हिरव्या कशाच्या, ते घरात कुणालाच सांगता येईना.

शिवाय दोरी अखंड नाही. मध्ये एके ठिकाणी दोन दोऱ्या जोडल्यात. गाठ मारली असती तर माप चुकलं असतं, म्हणून टोकं तिरपी कापून एकमेकांवर ठेवून शिवलीत. बोट फिरवलं तर जोड लागतो, डोळ्यांना दिसत नाही.

ट्रंक माळ्यावर होती म्हणून वाचली. त्या ऑगस्टात सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. तिथं धोक्याची पातळी ४५ आहे. आमच्या दुकानात वरच्या फळीपर्यंत पाणी होतं. वह्या त्याच फळीवर होत्या.

रविवार, ९ नोव्हेंबर

ओसरीत दोरी ताणून स्टीलच्या टेपने मोजली. एका टोकाला गाठ आहे, ती पहिल्या खांबाची. तिथून :

लाल चिंध्या सतरा. पहिलं अंतर २४८ सेंटीमीटर, मग २९.८, मग २२८.२, पुन्हा २९.८, पुन्हा २२८.२, असं शेवटपर्यंत. शेवटी परत २४८. एकूण २३ मीटर ३१ सेंटीमीटर.

हिरव्या चिंध्याही सतराच. पण जवळजवळ. पहिलं अंतर १५१.२, चौकोन ३०.२, दोन चौकोनांमध्ये १३६.१. एकूण १४ मीटर ९७. म्हणजे हिरवं मैदानही आठ चौकोनांचंच, पण आखूड.

लाल माप पुरुषांच्या जुन्या मैदानाच्या जवळ जातं. २९ मीटर बाय १६ मीटर, खांबापासून खांब २३.५०, चौकोन ३० सेंटीमीटर, मधलं अंतर २ मीटर ३०, दोन्ही टोकांना अडीच-अडीच मीटर. फरक १९ सेंटीमीटरचा. आण्णा पँटच्या उंचीत पाव इंच चुकले तर अख्खी शिलाई उसवायचे. ते १९ सेंटीमीटर सोडणार नाहीत. काहीतरी माझंच चुकतंय.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आज माझ्याकडून चूक झाली. दोरीला कोंदट वास येत होता म्हणून टोकाकडचा, शेवटच्या चिंधीपुढचा मोकळा भाग बादलीत बुचकळला. आजीने बघितलं आणि तिच्या हातातलं सूप खाली पडलं. "अगं सुती हाय ते, आखडतंय!" ताबडतोब बाहेर काढला, सावलीत वाळत घातला. वाळल्यावर मोजलं. दोन मीटरमागे सव्वा सेंटीमीटर कमी भरले.

खूप वाईट वाटलं. खुणांचा भाग भिजला नाही एवढंच समाधान. पण त्या सव्वा सेंटीमीटरने उत्तरही दिलं. ही दोरी कित्येक वर्षं पहाटेच्या दवात, मैदान आखायच्या ओल्या फक्कीत ओढली गेली. ती आखडतच आली. आण्णा चुकले नव्हते, दोरी आटली होती. २३.५० ला २३.३१ ने भागलं आणि त्या गुणकाने सगळी लाल अंतरं वाढवली तर २५०, ३०, २३० येतात. चोख.

हिरव्यांना तोच गुणक लावला : १५२.४, ३०.४५, १३७.२. ही काही मीटरमधली गोल मापं नाहीत. उशिरापर्यंत बघत बसले होते, लक्षात आलं नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर

मैदानात दीड फुटाचा खड्डा घेऊन बघितलं. वर वीतभर निव्वळ गाळ, २०१९ चा आणि २०२१ चा, एकावर एक. त्याखाली आण्णांच्या वेळचा लाल थर, अजून घट्ट. गाळ वाळला की दगडासारखा होतो आणि त्याला भेगा पडतात. त्यावर सूर मारला की गुडघे सोलणार. म्हणून पोरं इथं खेळायची थांबली. पोरांना मोबाइलचा नाद लागला असं सगळे म्हणतात, पण मोबाइलच्या आधी मैदान गेलं.

गाळ काढायचा ठरला. शेताला तो सोन्यासारखा, न्यायला माणसं तयार आहेत.

रविवार, ७ डिसेंबर

गाळ निघाला. मुरुमाच्या दोन खेपा आल्या. मुरूम चाळलेला सांगितला होता, पण आत अंड्याएवढे खडे. पुरवणाऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. शाळेतली वीस-बावीस पोरं चाळण्या घेऊन आली, दोन दिवसांत ढीग चाळून झाला. त्यावर लाल माती, पाणी, रूळ. दादाने रूळ ओढायला स्वतःचा ट्रॅक्टर दिला. फ्लेक्सचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

रविवार, १४ डिसेंबर

सामन्यांच्या आधी आण्णांच्या आठवणी रेकॉर्ड करून ठेवायचं ठरवलं. मोबाइल मध्ये ठेवायचा आणि माणसाला बोलू द्यायचं. आज देवळाच्या ओसरीत सहाजण बसले होते, सगळे साठीच्या आसपासचे, आण्णांच्या हाताखाली खेळलेले.

सगळ्यांनी एक गोष्ट न विचारता सांगितली. आण्णांच्या मैदानावर कच्चं लिंबू नव्हतं. दुसरीकडे बारकं पोर खेळायला आलं की त्याला कच्चं लिंबू करायचे. पळायचं, ओरडायचं, पण बाद झालं तरी धरायचं नाही. आण्णांना ते चालायचं नाही. "त्याला धरत नसशील तर तो हाय कशाला?" म्हणायचे. त्यांनी नियम केला होता. पळणारे तिघा-तिघांच्या तुकडीने उतरतात, त्या प्रत्येक तिघांत एक बारका पाहिजेच. आणि तो बाद झाला की गुण जाणार. मग मोठे दोघं काय करणार? पाठलाग करणाऱ्याला हूल देत, साखळी काढत (बसलेल्यांच्या मधून नागमोडी पळत) आपल्यामागे ओढत न्यायचे, बारक्याला वाचवत. एकजण म्हणाले, "मी पुढं जिल्ह्याला खेळलो ती साखळी मी शेजारच्या शेंबड्या पोरासाठी शिकलो."

खो देण्याबद्दलही सगळ्यांचं एकमत. आण्णा स्वतः चौकोनात बसायचे आणि प्रत्येक नव्या पोराला पाठीवर खो द्यायला लावायचे. शंभरदा. हात लागला पाहिजे, मारलेला नको. कुणी धपाटा घातला की उठून त्याचा हात हातात घ्यायचे आणि त्याच्याच दुसऱ्या हातावर ठेवून दाखवायचे, एवढाच. आण्णांच्या उजव्या अंगठ्याला कात्रीचा घट्टा होता, तो पाठीला लागायचा. "आत्ता बी लागतोय बघ," असं म्हणून एका काकांनी मान वळवली आणि मग बराच वेळ बोलले नाहीत. ते रेकॉर्डिंग तसंच ठेवलंय, कापलेलं नाही.

आणि नोटेची गोष्ट. ही मी आज पहिल्यांदा ऐकली. पोरं तालुक्याला खेळायला निघाली की आण्णा सगळ्यांच्या चड्ड्या आदल्या रात्री मागून घ्यायचे, नाडी बघतो म्हणून. ज्या पोरांच्या घरी नड होती त्यांच्या नेफ्यात पाच रुपयांची नोट दुमडून आत शिवायचे. पोराला कानात सांगायचे, अडलास तर उसव. बाकीच्यांना पत्ता नाही. ही गोष्ट सांगणारे काका एकदा विट्याच्या स्टँडवर मागे राहिले, संघ निघून गेलेला. संडासात जाऊन दाताने टाका तोडला आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी सांगायला गेले तर आण्णांनी चड्डी मागून घेतली आणि नेफा परत शिवून दिला. पुढच्या सामन्याच्या दिवशी त्यांनी चाचपून बघितलं, नोट होती.

माझ्या लहानपणीच्या परकराच्या नेफ्यातही काहीतरी टोचायचं. मी तो टाका समजत होते.

रविवार, २१ डिसेंबर

हिरव्या चिंध्यांचं कोडं सुटलं असं वाटतंय. बारक्या पोरांचं मैदान! कच्चं लिंबू नको म्हणून त्यांच्यासाठी आखूड अंतरं. ओसरीतल्या काकांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "न्हाई गं. बारकी पोरं आमच्यातच असायची. दुसरं मैदान आण्णांनी कधी आखलं न्हाई." मग?

सोमवार, २२ डिसेंबर, ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत

एका जुन्या वाड्याचा नकाशा फुटांतून मीटरमध्ये करत होते आणि हात थांबला. १५२.४ म्हणजे पाच फूट. ३०.४५ म्हणजे एक फूट. १३७.२ म्हणजे साडेचार फूट. हिरवी मापं फुटांत आहेत!

म्हणजे हिरव्या खुणा आधीच्या. लाल नंतरच्या, मीटर अंगवळणी पडल्यावरच्या. दोरीतला जोडही हिरवा शेवट संपल्यावर हातभर अंतरावर आहे. आधी एक आखूड दोरी होती, फक्त हिरवी. मोठ्या मैदानासाठी तिला पुढे दुसरी जोडली. आम्ही सगळे जिला आण्णांच्या मैदानाची दोरी म्हणतो ती मुळात त्या मैदानासाठी केलेलीच नव्हती.

एकूण हिरवं माप साडेएकोणपन्नास फूट. एवढीशी जागा गावात कुठं?

रविवार, २८ डिसेंबर

आत्या आली होती. तिला चिंध्या दाखवल्या. हातात घेऊन म्हणाली, "हे हिरवं पोलक्याचं कापड हाय. आपल्या परड्यात मोठ्या पोरी खेळायच्या. मी लई बारकी होते, म्हशीच्या दावणीवर बसून बघायचे. तू आक्कांना विचार."

परडं, म्हणजे घरामागची मोकळी जागा, मोजलं. गोठ्याच्या भिंतीपासून मागच्या कुसापर्यंत (कुंपणाच्या भिंतीपर्यंत) १७ मीटर ५३. म्हणजे साडेसत्तावन्न फूट. त्यातून साडेएकोणपन्नास वजा केले तर आठ उरतात. खांबांच्या मागे दोन्हीकडे चार-चार फूट, वळायला. इंचाचाही फरक नाही. पायऱ्यांवर बसले आणि वहीत ही वजाबाकी तीनदा केली.

आता तिथं निम्म्यात न्हाणीघर आणि दादाची गाडी लावायचं शेड आहे.

रविवार, ४ जानेवारी २०२६

आक्कांकडे गेले. खालच्या गल्लीत राहतात, पासष्टीच्या आहेत. दोरी बरोबर नेली होती. त्यांनी ती मांडीवर घेतली आणि हिरव्या चिंध्या एकेक करत मोजल्या. सतरा झाल्यावर म्हणाल्या, "हाय की सगळ्या."

त्यांचं सांगणं जसंच्या तसं लिहिते :

"बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. वैरण न्हवती म्हणून तुमच्या घरच्या म्हशी इकल्या होत्या, परडं रिकामं. आम्ही पोरी शाळेतनं येताना देवळाच्या भिंतीआड थांबायचो, पोरांचा खेळ बघायला. देवळाम्होरं पोरीबाळींनी पळायचं म्हंजे घरातनं पाय तोडला असता. आण्णांनी आमास्नी बघितलं. काय बोललं न्हाईत. दोन दिसांनी तुझी आजी आमच्या आईकडं आली. म्हणाली, पोरीला शिवण शिकायला धाड. पैसं नकोत."

अकरा मुली जमल्या. आधी अर्धा तास काजं-बटणं, मग परड्याचं दार लावून खो-खो. आठजणी चौकोनात, एक पाठलागाला, दोघी पळायला. मोठ्या मैदानाची आखणी आण्णा पावलांनीच करायचे, तिथं जागा भरपूर होती. परड्यात जागाच मोजकी. इंच न् इंच लावल्याशिवाय आठ चौकोन बसेनात. म्हणून दोरी केली. हिरव्या चिंध्या आजीच्या पोलक्याच्या कातरणातल्या.

मी विचारलं, म्हणजे शिवणाचं निमित्त होतं? आक्का जरा रागावल्या. "निमित्त कसलं? त्या काजांवर मी दोन पोरं शिकवली. दोन्ही खरं होतं." आईला कळलं नाही का कधी? "आईला पहिल्या दिवशीच कळलं. ती कुसापलीकडं शेण्या थापत बसायची अन् ऐकायची. एक दिस म्हणाली, तू खो लई बारीक म्हणतीस, ऐकू येत न्हाई."

मुलींचा सामना कधी झाला नाही. १९६०-६१ मध्ये बायकांची राष्ट्रीय खो-खो स्पर्धा कोल्हापुरात झाली होती, इथून दोन-अडीच तासांवर. त्यानंतर दहा-बारा वर्षांनीही आमच्या गावच्या मुली कुसाआड खेळत होत्या. दोन वर्षं चाललं, मग एकेकीची लग्नं झाली. आक्का म्हणाल्या, "एकाआड एक तोंड करून बसायचं न्हवं का? निम्म्याजणींचं तोंड गोठ्याकडं, निम्म्यांचं कुसाकडं. देवळाकडं तोंड करून बसायचं तेवढं राहिलं."

घरी येऊन आजीला विचारलं, इतकी वर्षं सांगितलं का नाहीस? आजी म्हणाली, "तू इचारलंस कवा?"

मी आठवीत असताना देवळापुढे भर गावात खेळत होते. मला वाटायचं, असंच असतं. आण्णा मला मैदानावर नेताना दरवेळी दोरीचं गाठीचं टोक माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, घट्ट धर. दादाला नाही द्यायचे. ते आज लिहिताना आठवलं.

गुरुवार, १५ जानेवारी

खाशाबा जाधवांच्या जन्माला आज १०० वर्षं झाली. कराडजवळचं गोळेश्वर, १९५२ चं हेलसिंकी, कुस्तीतलं कांस्य, स्वतंत्र भारताला एकट्या खेळाडूने मिळवून दिलेलं पहिलं ऑलिम्पिक पदक. आण्णा आजच्या दिवशी मैदानावर गूळ वाटायचे. आजीने सकाळीच फोन करून सांगितलं, पोरांना वाटला.

सोमवार, १९ जानेवारी

गेल्या वर्षी याच दिवशी खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाचा अंतिम सामना दिल्लीत झाला. आण्णा अंथरुणावर होते. मी मोबाइल उशीला टेकवून धरला होता. मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं, मग मुलग्यांनी ५४-३६. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. आण्णा मुलांच्या सामन्यात डुलकी घेत होते. मुलींचा मात्र शेवटपर्यंत बघितला आणि म्हणाले, "पुन्हा लाव." मी पुन्हा लावला. त्यांना काय आठवत होतं ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

रविवार, २५ जानेवारी

आखणीची रंगीत तालीम. मोठं मैदान आताच्या मापाचं : २७ बाय १६, खांबापासून खांब २४ मीटर. पहिल्यांदा आखलं ते गुण्यात (काटकोनात) बसलं नाही. कर्ण मोजले, एक ३१.५२, दुसरा ३१.२४. दोन्ही ३१.३८ यायला हवेत. पूर्वेची बाजू देवळाच्या पायरीला समांतर धरली होती. पायरीच मुळात तिरकी आहे. पुसलं, ३-४-५ चा त्रिकोण दोरीने घातला, परत आखलं. दुसऱ्या वेळी कर्ण जुळले.

खांब सुताराकडून आणले. जमिनीवर १२० सेंटीमीटर, गोल, हाताला कुसळ लागू नये म्हणून घासून गुळगुळीत केलेले.

लाल खुणा आता कामाच्या नाहीत, मैदानाचं माप बदललंय. दादा म्हणाला, अर्धा मीटर जोडून नव्या निळ्या खुणा शिव. शिवणार नाही. मोठ्या मैदानाला स्टीलची टेप पुरे. दोरी हिरव्यासाठी.

हिरवं मैदान कुठं आखायचं यावर घरात बोलणं झालं. बाबा म्हणाले, परड्यातलं शेड एक दिवस काढू. मी नको म्हटलं. देवळापुढे, मोठ्या मैदानाच्या शेजारी, पूर्वेला जागा आहे. तिथं.

शनिवार, ७ फेब्रुवारी

संध्याकाळी फक्की टाकली. आधी मोठं मैदान. मग दोरी काढली. गाठीचं टोक आजीने धरलं, खुर्चीवर बसून. दुसरं मी. मध्ये शाळेतल्या मुली ओळीने बसल्या, प्रत्येकीने आपली हिरवी चिंधी जिथं येते तिथं खडूने खूण केली. आखडण्याचा हिशोब धरला नाही. साडेएकोणपन्नास फुटांत चार-पाच इंच कमी भरतील, भरू देत.

रविवार, ८ फेब्रुवारी

सकाळी आठला सुरुवात. फोटोला हार घातला, भाषण झालं नाही. मोठ्या मैदानावर मुलांचे चार आणि मुलींचे चार संघ, नऊ-नऊ मिनिटांच्या पाळ्या. प्रत्येक तिघांत एक बारका, हा आण्णांचा नियम तालुक्याहून आलेल्या पंचांना समजावून सांगावा लागला. मग त्यांनाच तो इतका आवडला की एका सहा वर्षांच्या पोराला कुणी बाद केलं की तेच आधी हळहळायचे. माती चांगली झाली आहे. दिवसभरात दोन गुडघे खरचटले, बस.

अकरा मुलींपैकी चौघीजणी आल्या. दोघी आता नाहीत. एक इचलकरंजीहून मुलाच्या गाडीतून आली. अकराच्या सुमारास त्यांना हिरव्या मैदानावर नेलं. नुसतं बघतील, बसतील, फोटो काढू, एवढंच मनात होतं.

आक्का सरळ तिसऱ्या चौकोनात जाऊन उभ्या राहिल्या. गुडघे वाकत नाहीत, त्यामुळे उभ्याच. तोंड देवळाकडे. बाकीच्या तिघी एकाआड एक चौकोन धरून उभ्या राहिल्या, त्यांचंही तोंड देवळाकडेच. मधल्या चौकोनांत शाळेतल्या मुली बसल्या, पाठ देवळाला. कुणी ठरवलेलं नव्हतं. पाठलागाला माझी भाची, बारा वर्षांची. ती पळत आली आणि आक्कांच्या मागे थांबली. मारावं कसं म्हणून घुटमळली. मग तिने नुसता तळवा टेकवला आणि म्हणाली, "खो."

आक्का निघाल्या. पदर खोचलेला, हात पुढे. पुढचा चौकोन साडेचार फुटांवर होता. चार पावलं टाकून त्यांनी समोरच्या मुलीच्या पाठीवर हात ठेवला आणि "खो" म्हणाल्या, एवढ्या मोठ्यांदा की मोठ्या मैदानावरचा सामना थांबला.

बाकी कामं : मोठ्या मैदानाच्या पश्चिमेला पाण्यासाठी चर काढायचा आहे, पावसाळ्याआधी. ओसरीतली रेकॉर्डिंग कागदावर उतरवायची आहेत. दोरी ट्रंकेत परत ठेवायची नाही असं आजी म्हणाली. देवळाच्या ओसरीतल्या खुंटीवर टांगली आहे, उंच, पाणी पोचणार नाही अशी.